सुट्टीच्या दिवशी येणारा वायरमन आणि कंत्राटदाराचे कोटेशन: दरातला फरक येतो कुठून?

पुण्यात एखाद्या घरातले जुने स्विच, सॉकेट आणि पंखे बदलायचे ठरले की घरमालकाकडे साधारणपणे दोन दर येतात. पहिला दर दुकान थाटून माणसे पगारावर ठेवणाऱ्या कंत्राटदाराचा असतो. दुसरा दर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात देखभाल विभागात नोकरी करणाऱ्या आणि गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत बाहेरची कामे घेणाऱ्या वायरमनचा असतो. दुसरा दर पहिल्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असला तरी त्यात नवल नाही. हा फरक पाहून काही लोक कंत्राटदार लुटतो असा निष्कर्ष काढतात, तर काहींना सुट्टीतला माणूस काम उरकून टाकणारच असे वाटते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. या फरकातला काही भाग खरोखर वाचलेला खर्च असतो, काही भाग दुसरेच कोणीतरी भरत असते, आणि काही भाग घरमालकाच्याच डोक्यावर येऊन बसलेला असतो, फक्त तो कोटेशनमध्ये दिसत नाही. कोणता भाग कुठे गेला हे कळले, तर कोणत्या कामाला कोणाला बोलवायचे याचा निर्णय बराच सोपा होतो.

आधी कंत्राटदाराचा दर कसा तयार होतो ते पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. गावागणिक ते बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील. त्याच्याकडच्या वायरमनचा पगार महिना २०,००० रुपये आहे असे धरू. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, कर्मचारी राज्य विम्याची म्हणजे ईएसआयची ३.२५ टक्के वर्गणी, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि भरपगारी रजा मिळून हा माणूस मालकाला सुमारे २५,००० रुपयांना पडतो. महिन्यात कामाचे दिवस २६ असतात, पण ग्राहकाकडून पैसे मिळतील असे दिवस तेवढे नसतात. कुठे माल वेळेवर पोहोचत नाही, कुठे गवंड्याचे काम अडलेले असते, कधी माणूस रजेवर असतो, कधी नुसते काम पाहून कोटेशन देण्यात दिवस जातो, आणि पावसाळ्यात कामेच कमी असतात. समजा १६ दिवस प्रत्यक्ष कामाचे निघाले, तर २५,००० रुपये त्या १६ दिवसांवरच वसूल करावे लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे १,५६० रुपये. दुकानाचे भाडे, देखरेख करणाऱ्याचा पगार, गाडीचे पेट्रोल, फोन आणि तक्रार आली तर पुन्हा माणूस पाठवण्याचा खर्च मिळून आणखी ६०० रुपये धरले की २,१६० होतात. त्यावर १५ टक्के नफा धरला तर आकडा २,४८० च्या आसपास जातो, आणि १८ टक्के जीएसटी लागला की ग्राहकाच्या हाती सुमारे २,९३० रुपये रोजाचे कोटेशन पडते. या साखळीत कोणीही कोणाला फसवलेले नाही.

आता गुरुवारच्या वायरमनचा हिशेब मांडू. कारखान्यात त्यालाही २०,००० रुपयेच पगार आहे असे धरले, तर त्याच्या एका दिवसाची कमाई सुमारे ७७० रुपये होते. घरभाडे, किराणा, मुलांच्या शाळेची फी हे सगळे त्या पगारातून भागलेले असते. पावसाळ्यातले रिकामे दिवस त्याला सोसावे लागत नाहीत, कारण त्या दिवशीही कारखान्याचा पगार सुरू असतो. त्याला स्वतःला विचारायचा प्रश्न एकच असतो, की सुट्टीचा एक दिवस घरी घालवण्याऐवजी कामाला द्यायचा तर किती रुपये मिळायला हवेत. अर्थशास्त्रात याला संधीची किंमत म्हणतात. त्याने १,२०० रुपये मागितले तर त्याला नोकरीतल्या दिवसापेक्षा जास्त मिळाले, आणि ग्राहकाला कंत्राटदाराच्या निम्म्याहून कमी दरात काम झाले. या व्यवहारात दोघांचाही खरा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा, कारण वाया जाणारा दिवस आणि शिकलेला हात यांचा उपयोग झाला.

पण याच ठिकाणी एक गोष्ट नजरेतून सुटते. आपण 'स्वतंत्र कारागीर' या एका शब्दात दोन अगदी वेगळी माणसे बसवतो. एक हा नोकरी सांभाळून जोडकाम करणारा, आणि दुसरा ज्याचे पोटच या कामावर आहे असा. दुसऱ्यानेही १,२०० रुपयेच घेतले आणि महिन्यात त्याला १६ दिवस काम मिळाले, तर त्याच्या हाती १९,२०० रुपये येतात. त्यातूनच हत्यारे, दुचाकीचे पेट्रोल, आजारपण आणि म्हातारपण भागवायचे असते. गुरुवारच्या माणसाला परवडणारा दर पूर्णवेळ कारागिराला परवडत नाही. तरीही ग्राहक फोनवर 'दुसरा बाराशेत करतो' असे सांगून त्याच्याशी घासाघीस करतो, आणि नोकरीच्या आधारावर ठरलेला दर हळूहळू संपूर्ण बाजाराचा दर होऊन बसतो. या विषयातली मला सर्वांत जास्त सलणारी बाब हीच आहे, आणि शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

कराचा भाग त्या मानाने सरळ आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर महाराष्ट्रात त्याला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे एकट्याने काम करणारा वायरमन कर लावत नाही यात बेकायदा काही नाही. घरमालकासाठी हे १८ टक्के म्हणजे निव्वळ बचत असते. दुकानदाराचे किंवा लघुउद्योजकाचे गणित मात्र वेगळे आहे. तो स्वतः नियमित योजनेखाली जीएसटी भरत असेल, तर धंद्यासाठी करून घेतलेल्या आणि दुरुस्तीखर्च म्हणून नोंदवलेल्या कामावरचा कर त्याला बहुतेक वेळा वजा करून मिळतो, म्हणजे २,९३० आणि १,२०० ही त्याची तुलनाच चुकीची आहे. त्याने २,४८० आणि १,२०० यांची तुलना करायला हवी. शिवाय बिलाविना रोख दिलेल्या पैशाचा धंद्याचा खर्च म्हणून पुरावा राहत नाही, आणि एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च धरलाच जात नाही. यूपीआयने पैसे देऊन साध्या कोऱ्या कागदावर कामाचे वर्णन, तारीख आणि सही घेतली, तरी ही अडचण बरीचशी सुटते.

यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. १९३७ मध्ये रोनाल्ड कोज या तरुण इंग्लिश अर्थतज्ज्ञाने एक प्रश्न विचारला होता. बाजारात प्रत्येक काम सुटे सुटे विकत घेता येत असेल, तर माणसांना पगारावर ठेवणाऱ्या कंपन्या मुळात निघतातच कशाला? त्याचे उत्तर असे होते की बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो. योग्य माणूस शोधावा लागतो, दर ठरवावा लागतो, कामावर लक्ष ठेवावे लागते, आणि बिघडले तर भांडावे लागते. हा खर्च कंपनीच्या आत राहून काम करवण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की कंपनी तयार होते आणि टिकते. या विचाराचा मान म्हणून त्याला १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन मिनिटांत वायरमनचा नंबर मिळतो आणि पैसे मोबाइलवरून जातात, म्हणून कोजने सांगितलेल्या खर्चापैकी शोधण्याचा आणि पैसे देण्याचा खर्च आज जवळजवळ संपला आहे. जोडकामाचा बाजार गेल्या दहा वर्षांत एवढा वाढण्याचे हे एक मोठे कारण आहे. देखरेखीचा आणि भांडणाचा खर्च मात्र होता तिथेच आहे, आणि कंत्राटदार नसेल तर तो घरमालक भरतो.

तो किती असतो याचा अंदाज घेण्यासाठी त्याच घराकडे पुन्हा पाहू. काम तीन दिवसांचे आहे, पण वायरमन फक्त गुरुवारी मोकळा असतो, म्हणजे तीन गुरुवार लागणार आणि काम दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणार. घरमालक नोकरी करत असेल तर त्यालाही तीन गुरुवार रजा काढावी लागेल किंवा घरात दुसरे कोणी थांबवावे लागेल. त्याचा स्वतःचा रोज २,००० रुपये पडत असेल, तर दर दिवशी वाचलेले १,७३० रुपये त्याने रजेतच घालवले. निवृत्त गृहस्थ घरीच असतील तर हा खर्च जवळपास शून्य होतो. त्यामुळे एकाच इमारतीत एका घराला गुरुवारचा माणूस स्वस्त आणि शेजारच्या घराला महाग पडू शकतो. काम एकाच कारागिराचे असेल तर रेंगाळणे सोसवते. पण वायरिंग झाल्याशिवाय पुट्टी लागत नाही, पुट्टी वाळल्याशिवाय रंग लागत नाही आणि सुतार फर्निचर घेऊन दारात उभा आहे, अशी साखळी असेल तर एका माणसाचा एक चुकलेला गुरुवार तिघांचे दिवस बुडवतो. अशा कामात कंत्राटदार जो वरचा पैसा घेतो तो मुख्यतः ही मोट बांधण्याचा असतो, आणि माझ्या मते तो सहसा रास्त असतो.

दुसरा छुपा खर्च माहितीचा आहे. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असेल तर घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या मालाचा विक्रेता बाजार सोडून जातो आणि खराब माल मागे उरतो. कारागिरांच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. चांगल्या कारागिराने आपला चांगुलपणा पटवून द्यायचा कसा? कंपनी आपल्या नावावर ते करते. एकट्या कारागिराचे नाव मात्र माणसांच्या तोंडी फिरते, आणि आपल्याकडे त्याची शिफारस बहुतेक वेळा जवळच्या हार्डवेअर किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानातून येते. ही शिफारस उपयोगी असते, कारण दुकानदाराला त्याच गल्लीत रोज बसायचे असते. पण तिच्यामागचा हिशेबही माहीत असावा. कारागीर त्याच दुकानातून माल घेतो आणि त्यावर त्याला काहीतरी सुटते. रंगाच्या कंपन्या तर पेंटरसाठी डब्यातच टोकन किंवा स्कॅन करायचा कोड ठेवतात आणि त्यावर त्याला पैसे किंवा भेटवस्तू मिळते. त्यामुळे मजुरी कमी सांगणारा पेंटर रंगाचे दोन डबे जास्त सांगत असेल, तर त्याची कमाई कुठून येते हे लक्षात येईल. माल स्वतः आणावा आणि मजुरीचा दर वेगळा ठरवावा, हा जुन्या लोकांचा सल्ला या कारणाने अजूनही योग्य आहे.

मजुरी कशी ठरवायची याचेही आपल्याकडे दोन प्रचलित मार्ग आहेत. काम रोजावर द्यायचे किंवा उक्ते, म्हणजे पूर्ण कामाचा एकच दर ठरवून द्यायचे. रोजावर दिले तर काम लांबवण्यात कारागिराचा फायदा असतो, आणि उक्ते दिले तर उरकण्यात. रंगकामात उक्त्याचा परिणाम लगेच दिसतो. पुट्टीचा पहिला हात पुरता वाळण्याआधी दुसरा मारला जातो, पॉलिश पेपर फक्त नजरेच्या उंचीवर फिरतो आणि दरवाज्याच्या वरची कड तशीच राहते. यावर उपाय असा, की ज्या कामाचा दर्जा त्याच दिवशी डोळ्यांनी तपासता येतो ते उक्ते द्यावे आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. ज्यात फोडल्यावरच किती काम आहे ते कळते ते रोजावर द्यावे. उचल मागितली तर ती पहिल्या टप्प्याच्या कामापेक्षा जास्त असू नये. शेवटचे दहाएक टक्के मात्र काम संपल्यावर काही दिवस थांबून द्यावेत आणि हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे. नंतर अडवून धरलेला पैसा हा अन्याय ठरतो, आधी ठरलेला पैसा ही अट ठरते.

काही कामांचा दर्जा मात्र त्या दिवशी तर नाहीच, पण त्या महिन्यातही कळत नाही. गच्चीचे वॉटरप्रूफिंग एप्रिलमध्ये होते आणि त्याची परीक्षा जुलैमध्ये होते. भिंतीत गाडलेल्या वायरचा जोड कसा आहे हे वर्षानुवर्षे कळत नाही. अशा कामात विकत घ्यायची खरी वस्तू म्हणजे पुढे जबाबदार धरता येईल असा माणूस. कंपनीची पाच वर्षांची हमी कंपनी पाच वर्षे टिकली तरच कामाची, त्यामुळे तिथेही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण जोडकाम करणाऱ्याची बदली झाली किंवा त्याने फोन उचलणे सोडले, तर आपल्या हाती काहीच राहत नाही. वायरिंगच्या बाबतीत कायदाही आडवा येतो. पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या किरकोळ बदलापलीकडचे विद्युत काम परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावे असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांचा नियम आहे. घराचे पूर्ण वायरिंग बदलायचे असेल तर गुरुवारचा वायरमन कितीही कुशल असला तरी एकटा पुरेसा नाही.

अपघाताचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. कारखान्यात ईएसआयखाली असलेला माणूस आपल्या घरी शिडीवरून पडला, तर त्याला ईएसआयच्या रुग्णालयात उपचार मिळू शकतात, पण कामावरील दुखापतीबद्दल मिळणारा अपंगत्वाचा लाभ हा त्या नोकरीच्या ओघात झालेल्या अपघातासाठी असतो. गुरुवारी दुसऱ्याच्या घरी झालेला अपघात त्यात बसत नाही. त्याचा हात मोडला तर घरमालकाकडची मजुरी बुडतेच, शिवाय कारखान्यातली नोकरीही धोक्यात येते. १,२०० रुपयांच्या दरात ही जोखीम धरलेली नसते. तो ती फुकट उचलत असतो. उंचीवरचे काम, बाहेरच्या भिंतीचे रंगकाम, पाण्याच्या टाकीत उतरणे अशा कामांसाठी म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे. कामगारांचा विमा दाखवू शकेल अशाच कंत्राटदाराला ते द्यावे, मग दर दुप्पट का असेना.

मोबाइल ॲपवरून कारागीर पाठवणाऱ्या कंपन्या या दोन टोकांच्या मध्ये उभ्या आहेत. त्या माणसाला पगारावर ठेवत नाहीत, 'भागीदार' म्हणतात, पण दर, गणवेश आणि कामाची पद्धत ठरवतात आणि मिळकतीतला वाटा घेतात. त्या विकतात ती पहिल्या भेटीची खात्री. एकदा कारागीर आवडला की पुढच्या वेळी ग्राहक थेट त्यालाच फोन करतो, कारण ओळख झाल्यावर मधल्याकडे विकायला फारसे काही उरत नाही. म्हणूनच दर महिन्याला लागणाऱ्या सेवेपेक्षा वर्षातून एकदा लागणाऱ्या सेवेत ॲपचा जम अधिक बसतो.

हे सगळे मांडल्यावर पूर्णवेळ कारागिराच्या म्हातारपणाचा आणि आजारपणाचा प्रश्न शिल्लक राहतोच. एकच मालक नसलेल्या कामगाराला सामाजिक सुरक्षा देता येत नाही, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्राने ते फार पूर्वी खोटे ठरवले आहे. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. बाजार समितीतला हमाल दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांची पोती उचलतो. त्यामुळे कायद्याने कामगार आणि व्यापारी या दोघांचीही नोंदणी माथाडी मंडळाकडे ठेवली, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस व वैद्यकीय मदत द्यायची अशी व्यवस्था केली. या मंडळांच्या कारभाराबद्दल आणि माथाडींच्या नावाखाली होणाऱ्या खंडणीबद्दल तक्रारी आहेत आणि त्या गंभीर आहेत, पण मूळ कल्पना टिकून आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, कामगार कल्याणासाठी द्यावेत अशी जी तरतूद आहे, ती याच वाटेने जाते. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात गिग कामगारांची, म्हणजे मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर सुटी कामे करणाऱ्यांची, संख्या २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता, म्हणजे हा प्रश्न लहान नाही.

घरमालकाने थेट फोन करून बोलावलेला कारागीर मात्र यातल्या कोणत्याच व्यवस्थेत येत नाही. त्याच्या मजुरीवर लेव्ही नाही, उलाढालीतला वाटा नाही. तिथे दर हाच एकमेव मार्ग उरतो. म्हणून बोलणी करताना 'तुम्ही कुठे नोकरीला आहात का, की हेच काम करता?' हे मोकळेपणाने विचारावे. उत्तर नोकरीचे असेल तर १,२०० रुपये हा दोघांना परवडणारा सौदा आहे. पोटच या कामावर असेल, तर वरच्या हिशेबातला पगार, वर्गण्या आणि रिकामे दिवस धरून निघालेला १,५६० रुपयांचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. दुकानाचे भाडे नाही, देखरेखीचा पगार नाही आणि जीएसटीही नाही, त्यामुळे एवढा रोज देऊनही ग्राहकाचे कंत्राटदाराच्या मानाने दिवसाला १,३७० रुपये वाचतात.